ड्रमाला पाडलेली दोन भोकं

सकाळी सहाला आप्पांचा फोन आला. मी पहिल्या पाळीला निघायच्या गडबडीत होते; एक बूट पायात, दुसरा हातात.

“बाय, शेंगा भरल्या गो. वरच्या तुकड्यातल्या तर टचटचीत. रविवारी ये. आणि येताना वायर आण, कोंबडीत खुपसायची ती. जुनी उंदरानं चावली.”

“किती फूट आणू?”

“मला काय विचारतेस? तूच घातलीस ना ती?”

फोन बंद झाला. रोह्यातल्या आमच्या खिडकीतून थंडगार हवा आत येत होती आणि मी एका बुटावर तशीच उभी होते. कंपनीच्या बसला दहा मिनिटं उरली होती, पण अंगात शाळेची सहल निघायच्या दिवशीसारखी धांदल सुरू झाली होती. सहा फूट घ्यावी की आठ? स्टीलच्या जाळीची घेतली तर उंदराचे दात लागणार नाहीत. भोकात वायर पकडणारा पितळी ग्लँड जुनाच चालेल का? मी विजेच्या बिलाच्या पाठीवर ड्रमाचं चित्र काढायला बसले, आणि बस चुकता चुकता मिळाली.

गडब हे माझं माहेर. पेणकडून नागोठण्याला जाताना हायवेच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात, त्यांच्या मागे भाताची शेतं. कापणी-झोडणी आटोपली की ही शेतं काही दिवस रिकामी, गप्प पडून असतात. मग त्याच उरलेल्या ओलीवर वाल वर येतो. त्याला पाऊस लागत नाही, पाट लागत नाही; दव पितो आणि वाढतो. थंडी पडली की शेंगा भरतात. बोटानं दाबलं तर आतला दाणा हलतो. नेमक्या त्याच दिवसांत बांधांवर भांबुर्ड्याचा पाला माजलेला असतो. त्याचा वास उग्र, थोडा ओव्याकडे झुकणारा. एकदा हात लागला की दिवसभर बोटांना राहतो.

मडक्याच्या तळाला हा पाला घालायचा. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधे अंडी, रताळी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्यातली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाल्याचा गच्च बोळा. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचायच्या, आणि द्यायचं पेटवून. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. ही आमची पोपटी. थंडीभर गावोगाव शेतांतून धूर निघतो आणि हायवेवरून जाणारे गाड्यांच्या काचा खाली करतात.

पोपटी लावणारे गावात पुष्कळ होते. ती कधी काढायची ते मात्र आप्पाच सांगायचे. बाकीचे मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकायचे. आप्पा पाण्याला हात लावत नसत. वारा जिकडे वाहतोय तिकडच्या अंगाला जाऊन, हात मागे बांधून, डोळे मिटून उभे राहायचे. “पाला सुटला,” असं पुटपुटायचे. थोड्या वेळानं, “शेंग आली.” आम्ही सगळे ताटल्या घेऊन तयार. “थांबा रे, कोंबडी बोलू दे.” आणि मग एकदम डोळे उघडून, “काढा!” त्यांच्या त्या ‘काढा’वर आमची अख्खी आळी धावायची. मडकं फुटलं की जो वाफेचा लोट यायचा, तो अजून माझ्या नाकात आहे. शेंग कधी कच्ची नाही, कधी करपलेली नाही. आप्पा शेतकरी म्हणून साधेच, शाळा चौथीपर्यंत. पण त्या पाच मिनिटांत ते राजे असत.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी वैशाखात आप्पांना ताप आला. घरच्या घरीच बरे झाले, आठ दिवसांत शेतावर गेले. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. त्या वर्षीची थंडी आली, वाल आला, आणि एका रविवारी संध्याकाळी आमच्या खळ्यावर पोपटी लागली. बरेच दिवस लोक एकमेकांकडे गेले नव्हते, त्यामुळे गर्दीही जास्त होती.

आप्पा नेहमीच्या जागी उभे राहिले. डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली. जाळ खाली बसला. पाल्याचा वास आला, शेंगांचा आला, मसाल्याचा आला. आप्पा गप्प.

“काढू का, काका?” माझ्या चुलतभावानं विचारलं.

“थांब. अजून सुटला नाय.”

मग तो दुसरा वास यायला लागला. करपल्याचा. प्रत्येकाच्या नाकाला तो कळत होता आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. आप्पांना सांगणार कोण? इतक्या वर्षांत त्यांना कुणी ‘आता काढा’ म्हटलं नव्हतं. शेवटी आईच उठली आणि त्यांच्या कोपराला हात लावून हळूच म्हणाली, “अवो, जळतंय.”

आप्पांनी डोळे उघडले. ते डोळे मी विसरणार नाही. मडकं फोडलं तर आत कोळसा.

ते बांधावर जाऊन बसले. आई मागोमाग गेली, तिच्यामागून मी. आप्पा म्हणाले, “वैशाखापासून मला कसला म्हंजे कसला वास येत नाय. येईल येईल म्हणून गप बसलो.”

सात-आठ महिने त्यांनी ते लपवलं होतं. आईला मग एकेक आठवायला लागलं. आंबलेली आमटी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली होती; तिला वाटलं होतं, रागात असतील. दूध उतू जाऊन करपलं तरी ते शेजारी बसून होते. डॉक्टरांना दाखवलं. काहींचा परत येतो, काहींचा नाही, वाट बघा, असं ते म्हणाले. आम्ही वाट बघितली. आला नाही.

पुढच्या वर्षी आप्पांनी वाल पेरला, शेंगाही भरल्या. पण त्या पाट्या भरभरून आळीत वाटून टाकल्या. “आमच्याकडं लावणार नाय,” एवढंच म्हणाले. आईनं मला फोनवर सांगितलं, “जेवतात ते बघवत नाय गो. औषध घेतल्यासारखे जेवतात.”

मला सांगायचंय ते त्याच थंडीबद्दल.

मी धाटावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात काम करते. टाक्यांमधलं तापमान, दाब मोजणारी जी यंत्रं असतात ती बसवणं, तपासणं, बिघडली की बदलणं. आमच्याकडे नाकाला काम नसतं. वास आलाच तर काहीतरी चुकलं असं समजून धावायचं. टाकीत काय शिजतंय ते कुणाला दिसत नाही, हुंगता येत नाही. भिंतीतून आत गेलेला बोटाएवढा एक प्रोब असतो. त्यात दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या. टोक तापलं की किंचितशी वीज निर्माण होते आणि बाहेरचं मीटर ती वाचून आकडा दाखवतं. थर्मोकपल म्हणतात त्याला. असे शेकडो प्रोब मी बसवले असतील.

त्या दिवशी असाच एक बदलत होते. मास्क, चष्मा, हातमोजे. जुना काढला, नवा सरकवला, नट आवळला, आणि आवळता आवळता हात थांबला. ही टाकी न हुंगता आम्ही रोज शिजवतो. मग आप्पा का नाही?

पाळी सुटेपर्यंत मला दम धरवेना. बसमध्ये शेजारच्या मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “मॅडम, पोपटीला थर्मोकपल? वेड लागलंय का?” लागलंच होतं.

पहिल्या सुट्टीला स्कूटर काढली आणि नागोठण्यावरून तडक गडब गाठलं. मडक्यात प्रोब घातला, पेंढा पेटवला. पहिल्याच भडक्यात बाहेरची केबल जळून काळी पडली. पोपटीचा जाळ उघडा असतो, चारी बाजूंनी चाटतो. केबल न्यायची कुठून? आप्पा ओटीवरून बघत होते. “झालं?” म्हणाले आणि आत गेले.

उत्तर कॅन्टीनमध्ये मिळालं. आमचा एक ऑपरेटर मोबाइलवर परदेशातली माणसं बघत होता. लोखंडी ड्रम, तळाला निखारे, वर जाळी, जाळीवर मांस, वर झाकण. तीन-चार तास नुसत्या धगीवर आणि धुरावर शिजवायचं. मी त्याच्या हातातला मोबाइल जवळजवळ ओढूनच घेतला. जाळ आत, बंद. भिंत लोखंडाची. म्हणजे ही टाकीच की! आणि टाकीच्या भिंतीतून वायर कशी न्यायची, हे मला या आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा चांगलं येतं.

ड्रमापासूनच वाद. चुलतभावानं आणून दिलेला निळा ड्रम आप्पांनी पुढे केला. मी म्हटलं, “नाही. यात आधी काय होतं कुणास ठाऊक. कंपनीचा ड्रम खाण्याला नाही वापरायचा.” शेवटी पेणच्या एका फरसाणवाल्याकडून खाद्यतेलाचा रिकामा ड्रम आणला. तो लाकडं घालून दोनदा सणसणीत भाजला, रंग जाळला, खरवडला, राखेनं घासला. आप्पा अजून ओटीवरच होते. पण आता त्यांची खुर्ची पायरीच्या कडेला आली होती.

वेल्डिंगचं काम हायवेवरच्या मुश्ताकभाईंनी केलं. ट्रॉल्या, खिडक्यांचे गज असलं काम करणारा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. जाळीला आधार, तळाला हवा घ्यायला सरकती पट्टी, वर धुराला नळकांडं. “ताई, हे नक्की काय बनतंय?” त्यांनी विचारलं.

“आप्पांचं नाक.”

ते हसले नाहीत. मागच्या वर्षीच्या करपलेल्या पोपटीला तेही आले होते. त्यांनी काच तोंडावर ओढली आणि जोड दुसऱ्यांदा पक्का केला.

आणि मग केबल. सोपी वाटली होती, इतकी सोपी की मी विचारच केला नाही. प्रोब जाळीवर ठेवला, वायर झाकणाखालून बाहेर काढली, झाकण लावलं. झाकणाच्या कडेनं वायर चेपली आणि मीटरवर नुसत्या रेघा. दुसऱ्या खेपेला बाजूला भोक पाडलं, कडा लागू नयेत म्हणून रबराची कडी बसवली. ड्रम तापला आणि रबर वितळायला लागलं. काय दुर्गंधी ती! आईनं तोंडाला पदर लावला, मुश्ताकभाई खोकत लांब पळाले, शेजारची कोंबडीसुद्धा पिल्लं घेऊन निघून गेली. आप्पा एकटे ड्रमाला टेकून शांत उभे. आमची तोंडं बघून म्हणाले, “एवढं वाईट हाय?” आणि हसायला लागले. दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा असं हसताना बघत होते, आणि आम्ही सगळे त्या घाण धुरात डोळे पुसत हसत होतो.

त्या दिवसापासून खुर्ची ओटीवरून खाली आली.

तिसऱ्या खेपेला मी घाई केली नाही. मुश्ताकभाईंनी भोकांवर आटे पाडलेले दोन जाड तुकडे जोडले. त्यात पितळी ग्लँड, म्हणजे नट आवळला की नळी घट्ट पकडून ठेवणारी कडी. एका भोकातून स्टीलच्या नळीतला प्रोब सरळ आत, जाळीच्या उंचीवर. तो आतली हवा मोजणार. त्याची वायर पूर्ण बाहेर, धगीपासून दूर. दुसऱ्यातून मऊ, विणलेल्या कवचाची केबल. तिच्या टोकाची सुई कोंबडीच्या मांडीत खुपसायची.

त्याआधी, दुसरं भोक नेमकं कुठे पाडायचं ते मी टेपनं मोजत होते. आप्पा उठले. आत थोडे निखारे होतेच. त्यांनी तळहात ड्रमाभोवती फिरवला, पत्र्यापासून चार बोटं अंतर ठेवून, हळूहळू, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “हितं नको. हितं निखाऱ्याची झळ सरळ येते, तुझा आकडा खोटं बोलेल. हितं पाड.” मी मोजलेल्या जागेपेक्षा ती वीतभर डावीकडे होती. मी निमूटपणे खूण केली. बरोबर होते ते.

पुढची गोष्टही त्यांचीच. मी वायर भोकातून सरळ मीटरकडे ताणली होती. म्हणाले, “अगो, वाफेचं पाणी वायरीवरून चालत जाईल तुझ्या मीटरात. पागोळीखालची वायर बघितलीस कधी? खाली झोळ दे. पाणी झोळात येतं नि टपकतं.” आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट मी उत्साहात विसरले होते, आणि चौथी शिकलेल्या माणसाला ती पावसानं शिकवली होती. मी झोळ दिला. मीटरला पेटी नव्हती, तर आईनं जुना स्टीलचा डबा दिला, आणि त्याला मुश्ताकभाईंनी खिडकी कापली.

लाकूड जानीबायनं आणलं. डोंगराजवळच्या कातकरवाडीतली ही बाई, आईपेक्षा बरीच मोठी. भांबुर्ड्याचा पाला दर वर्षी तीच आणून द्यायची. ड्रमाभोवती तिनं एक फेरी मारली. “धूर कोंडणार? मग आंब्याचंच लाकूड घाला, वाळलेलं. ओलं घालाल तर कडू होईल.” आणि आप्पांकडे बघून, “म्हातारा उठला म्हणायचा!” आप्पा तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत.

तो रविवार मला क्षणाक्षणानं आठवतो. सकाळचं ऊन, खळ्यावर ड्रम, आईनं रात्रीच मसाला लावलेल्या दोन कोंबड्या, एका कोपऱ्यात पाल्यात गुंडाळलेल्या शेंगांचं छोटं मडकं. निखारे घातले, झाकण लावलं. मी मीटर सुरू केलं. एकोणतीस. सगळे डब्याच्या खिडकीशी वाकले.

सत्तावीस. चोवीस. एकोणीस.

“बाय,” आप्पा अगदी गंभीरपणे म्हणाले, “तुझं यंत्र म्हणतंय थंडी वाढली.”

माझा चेहरा गरम झाला. पंधरा वर्षांची नोकरी! आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाल वायर. साध्या विजेत लाल म्हणजे धन अशी सवय असते, पण या जातीच्या केबलीत लाल ऋण असते. नवीन मुलांना मी स्वतः हे शिकवते, आणि घाईत स्वतःच उलटी जोडली होती. उलटी जोडली की तापेल तसा आकडा खाली जातो. स्क्रू सैल केले, तारा अदलाबदल केल्या, पुन्हा आवळले.

एकेचाळीस. छप्पन. त्र्याहत्तर.

कुणीतरी टाळी वाजवली. मग प्रत्येक आकड्याला ओरडा. नव्वद! शंभर! आळीतली माणसं हातातलं काम टाकून आली. एकशे अठराला मी म्हटलं, “आप्पा, बास. आता हवा कमी करा, एकशे पंधराच्या आसपास ठेवायचं.” त्यांनी पट्टी सरकवली. आकडा तरीही वर गेला, मग बऱ्याच उशिरानं उतरला, आणि जरा जास्तच उतरला. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा आकडा एकशे दहावर असतानाच त्यांनी पट्टी अर्धी लोटली. “शेतात पाणी घेतो तेव्हा भरायच्या आधीच बांध बुजवायला घेतो ना, तसंच हाय हे.” आकडा एकशे पंधरावर येऊन थबकला. कंपनीत हे काम करायला आम्ही वेगळं यंत्र लावतो. आप्पांनी ते अर्ध्या तासात हातात घेतलं.

तीन तास ते तिथून हलले नाहीत. आई चहा हातात देऊन गेली. ऊन फिरलं तशी खुर्ची फिरली. आंब्याच्या लाकडाचा निळसर धूर नळकांड्यातून सुतासारखा निघत होता, आणि मीटरवरचा दुसरा आकडा, कोंबडीतल्या सुईचा, चढत होता. चाळीस, पंचावन्न, मग बासष्टवर येऊन तो अडून बसला. लोक चुळबुळायला लागले. “शिजत नाय वाटतं,” कुणीतरी म्हणालं. आप्पा म्हणाले, “थांबा रे.” किती दिवसांनी तो शब्द ऐकला मी! पण आवाजात थोडी भीती होती. मागच्या वर्षी ज्यांच्यासमोर त्यांची मान खाली गेली, तीच सगळी माणसं खळ्यावर उभी होती. पुन्हा काही बिघडलं असतं तर आप्पा कायमचे ओटीवर गेले असते, आणि त्यांना तिथून उठवणारी मी होते.

अडुसष्ट. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. कोंबडी आतून शहात्तरला पुरती शिजते, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. शहात्तरला आप्पा खुर्चीतून उठले, हात मागे बांधले, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

“काढा!”

झाकण उघडलं. कोंबड्या गूळ चढल्यासारख्या तांबूस, कातडी ताणलेली, मांडी ओढली तर हाड अलगद बाहेर. शेंगा मऊ, दाणा सालीतून आपसूक सुटणारा. थोडा वेळ खळ्यावर फक्त खाण्याचा आवाज होता. मुश्ताकभाई दोनदा ‘वाह’ म्हणाले. जानीबायनं बोटं चाटली आणि न विचारता दुसरी मांडी घेतली.

आप्पांनीही घास घेतला. आम्ही सगळे आडून बघत होतो.

“मीठ कळलं,” ते म्हणाले. “तिखट कळलं. मऊ झालंय.” मग शेजारी बसलेल्या आईकडे वळले. “वास कसा हाय?”

“चांगला हाय,” आई म्हणाली.

“चांगला म्हंजे कसा? यंत्रसुद्धा आकडा सांगतं. तुला एवढंच सांगता येतं?”

आवाज जरा चढला होता. लोक ताटात बघायला लागले. माझी आई मुळात कमी बोलणारी. चाळीस वर्षांत तिला कुणी ‘मीठ बरोबर आहे का’ यापलीकडे काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. तिनं ताटातला तुकडा उचलला, नाकाजवळ धरला, डोळे मिटले. इतका वेळ मिटले की मला वाटलं ती रडतेय.

“चुलीचा धूर असतो तसला नाय,” ती सावकाश म्हणाली. “आपण हे घर बांधलं, पहिल्यांदा चूल पेटवली, नि ओल्या मातीची भिंत तापली. तसला. त्याच्यावर ओवा हाय. नि अगदी खाली, मागं मागं…” ती थांबली. “तुमी झोडणीवरून यायचात. डोक्याचं फडकं माझ्याकडं फेकायचात वाळत घालायला. घाम नि पेंढा. तसला वास हाय.”

आप्पा चावायचे थांबले होते. मग पुन्हा हळूहळू चावायला लागले, डोळे मिटून.

“व्हय,” म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, “व्हय गो. कळला.”

मी उठून ड्रमामागे गेले आणि उगाचच ग्लँड घट्ट आहे का ते बघत बसले.

त्यांचा वास परत आला नाही. अजूनही आलेला नाही. पण त्या थंडीतले सगळे रविवार आम्ही ड्रमापाशी काढले. बोंबील, रताळी, वांगी, एकदा चक्क आईनं केलेलं पनीर. मी आठवडाभर पाळ्या करायचे आणि डोक्यात नुसता ड्रम. आईचा आवाज मात्र तेव्हापासून बदलला तो बदललाच. आप्पा आता तिला सकाळी उठल्या उठल्या विचारतात, आज कसला वास हाय? ती अंगणात जाऊन येते आणि सांगते. नवा तांदूळ उकळतोय. शेजारी शेण सारवलंय. हायवेला डांबर टाकतायत. कुठून आणते ही बाई एवढे शब्द? की ते होतेच, आणि आम्हीच कधी मागितले नाहीत?

परवाच्या रविवारी मी आठ फूट केबल घेऊन गेले. स्टीलच्या जाळीची. ग्लँड जुनाच चालला. तारा जोडताना आप्पा खांद्यावरून वाकून बघत होते, लक्ष लाल तारेवर.

निखारे पडतायत तोवर दारात रिक्षा थांबली. जवळच्या जिते गावाहून एक निवृत्त मास्तर आले होते. साठी उलटलेले, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात पिशवी. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार बसला होता. माणूस वाचला, पण वास गेला. मुश्ताकभाईंकडे गेट करायला गेले तेव्हा त्यांना आमच्या ड्रमाची हकिगत कळली. “मला फक्त बघायचंय,” ते संकोचून म्हणाले, “वायर कशी नेलीय ते.”

आप्पांना तेवढं पुरे होतं. त्यांनी मास्तरांना ड्रमाभोवती फिरवलं. भोक कुठं पाडायचं, रबर का नाही घालायचं, झोळ किती द्यायचा, हवेची पट्टी कधी लोटायची. मास्तर खिशातून छोटी वही काढून लिहून घेत होते. एकानं विचारावं, दुसऱ्यानं सांगावं, असे तीन तास गेले. मी दोन्ही हात मोकळे ठेवून खुर्चीत बसले होते आणि मला काहीही करावं लागलं नाही.

शहात्तरला कोंबडी निघाली. पानं वाढली गेली. आप्पा रोजच्या सवयीनं आईशेजारी बसायला निघाले, आणि थांबले. पाट उचलून त्यांनी जरा लांब ठेवला.

“मास्तर, तुमी हितं बसा, हिच्यापाशी.”

“अहो, नको, ती तुमची जागा…”

“बसा वो. आकडा मी सांगितला. पुढचं हीच सांगते.”

मास्तर अवघडून बसले. आईनं पदर सावरला, एक तुकडा उचलून नाकाजवळ नेला, आणि काही न सांगता परत खाली ठेवला. मला वाटलं, परक्या माणसासमोर ती बुजली. पण ती त्यांच्याकडे वळून बसली.

“मास्तर, तुमी ल्हान होतात तेव्हा घरात काय शिजायचं? काय भाजायचं?”

मास्तरांनी हातातली वही मिटून खिशात ठेवली.

“आमची पोह्यांची भट्टी होती,” ते म्हणाले. “वडील भात भाजायचे. मोठ्या कढईत, गरम वाळूत. मी शाळेतून आलो की…” आणि त्यांनी रिकामी ओंजळ पुढे धरली.

“मग सोपं हाय,” आई म्हणाली, आणि तिनं तो तुकडा पुन्हा उचलला.